पाहुण्याचे आसन

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमची भाची आमच्याकडे आली ती चित्रांची मोठी गुंडाळी काखेत घेऊनच. ती अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करते. पणजीहून रायबंदरकडे जाताना डाव्या हातास मांडवी लागते. तिथले एक जुने गुदाम कोणा उद्योजकाने घेतले असून तिथे उपाहारगृह व्हावयाचे आहे, आणि त्याच्या सजावटीचे काम हिच्याकडे आले आहे. मालकांनी केप टाऊनच्या बंदरावरील व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड वॉटरफ्रंट पाहिला होता. परत आल्यावर त्यांनी हिला सांगितले, की पोर्तुगीज फरशा आणि शिंपल्यांच्या खिडक्या लावलेली उपाहारगृहे आता गल्लोगल्ली झाली. आपण आफ्रिका करू.

'आफ्रिका करू' हा प्रयोग ऐकून आम्हांस हसू आले. मुंजीत जिलबी करावी की श्रीखंड, असा विचार करताना ज्या सहजतेने हे क्रियापद येते, त्याच सहजतेने ते ५४ देशांच्या एका खंडाला लावले गेले होते. पण हसून भागणार नव्हते. भाचीला सल्ला हवा होता, आणि निवृत्तीनंतर आमच्यापाशी सल्ल्याशिवाय देण्यासारखे फारसे उरलेले नाही.

आम्ही छत्तीस वर्षे शासकीय सेवेत काढली, त्यांतील बरीचशी महसूल खात्यात. त्यामुळे नकाशा समोर आला की आमची नजर आधी हद्दीच्या रेषेकडे जाते. मांडवीला भरतीचे पाणी येते, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, सगळे ज्याला सीआरझेड म्हणतात त्याची, परवानगी लागणार. ती घेतली का, हा आमचा पहिला प्रश्न. "मामा, ते सगळं झालंय. तुम्ही भिंतींकडे बघा," ती म्हणाली.

भिंतींवर मुखवटे होते. वीसएक तरी असतील, लहानमोठे, ओळीने. छताला गवताचे आच्छादन, त्यातून लोंबणारे ढोलक्यांच्या आकाराचे दिवे. खुर्च्यांना झेब्र्याच्या पट्ट्यांचे कापड. मद्यासाठी उंच काउंटर, आणि त्याच्यापुढे घानामधील अशांती लोकांच्या कोरीव आसनांवरून घेतलेली बाके, पाय लांबवून उंच केलेली. दाराशी, आल्यागेल्याचे लक्ष वेधावे म्हणून, अंगभर खिळे ठोकलेली एक लाकडी आकृती. आणि नदीकडील संपूर्ण काचेच्या बाजूस गंजलेल्या जाड साखळ्या, गलबतांची आठवण म्हणून. काम देखणे होते यात शंका नाही. हिचा हात चांगला आहे. तरीही पाहताना आम्हांस काहीतरी खटकत होते आणि ते काय आहे ते आम्हांला प्रथम नीट सांगता येईना.

दुसऱ्याची वस्तू उचलणे हेच मुळात अयोग्य, असे तर आम्ही म्हणू शकत नाही. गोव्यात राहणाऱ्या माणसाने असे म्हणणे म्हणजे ताटावरून उपाशी उठणेच होय. मिरची, काजू, पपई, बटाटा, सगळे समुद्रावरून आलेले. आमच्या आजीच्या नऊवारीखेरीज घरात शुद्ध देशी असे काय होते, हा प्रश्नच आहे. आणि त्या नऊवारीचा रंगदेखील बहुधा जर्मन असावा. संस्कृती उसनवारीवर चालतात. प्रश्न उसने घेण्याचा नसून कोणती वस्तू, कोणाकडून आणि कोणत्या नात्याने घेतली याचा असावा, असे आम्हांस त्या चित्रांकडे पाहता पाहता वाटू लागले.

अशांतींच्या आसनाचेच घ्या. एका अखंड लाकडातून कोरलेले, वरची बैठक मधोमध खोलगट आणि टोकांना वर वळलेली. हे आसन म्हणजे नुसती बसण्याची सोय नव्हे. ते ज्याचे असते त्याच्या जिवाशी जोडलेले मानतात. मालक बसलेला नसला की ते आडवे कलते करून ठेवतात, रिकाम्या बैठकीवर भलत्याच कोणा आत्म्याने येऊन बसू नये म्हणून. थोर राजपुरुषाच्या मृत्यूनंतर त्याचे आसन काळे करून आदराने वेगळ्या खोलीत जपले जाते. आणि या सर्वांच्या वर आहे ते सुवर्णासन, ज्यात सगळ्या अशांती राष्ट्राचा प्राण आहे अशी श्रद्धा आहे. त्यावर राजासुद्धा बसत नाही. १९०० साली कुमासीत ब्रिटिश गव्हर्नर हॉजसन याने जमलेल्या प्रमुखांना विचारले, की ते आसन कुठे आहे, मला त्यावर बसायला का दिले नाही. एवढ्या एका प्रश्नावरून युद्ध पेटले. एजिसूची राजमाता या असांतेवा हिने त्याचे नेतृत्व केले. ती हरली, सेशेल्स बेटांवर हद्दपार झाली आणि १९२१ साली तिथेच वारली. सुवर्णासन मात्र इंग्रजांना सापडले नाही.

हे सर्व आम्ही भाचीला सांगितले आणि म्हटले, "आपल्याकडे मठातली गादी असते. तिच्यावर कोणी बसत नाही, पण तिला रोज नमस्कार होतो. त्या गादीच्या आकाराची उशी करून कोणी बिअर पिणाऱ्याच्या खाली सरकवली तर?"

"कोणी ओळखणारच नाही, मामा. मलाही आत्ता कळलं."

उत्तर खरे होते, आणि नेमके तेच खटकत होते. ओळखणारा माणूस त्या उपाहारगृहात येणारच नाही, हे सजावटीत आधीच धरून चाललेले होते.

खिळ्यांच्या आकृतीची कथा अशीच. ती काँगो नदीच्या मुखाकडील लोकांची. तिला एन्किसी म्हणतात. दोन गावांत करार झाला, कोणी शपथ घेतली, कोणी चोराला शासन व्हावे म्हणून साकडे घातले, की मंत्र जाणणारा माणूस त्या आकृतीत एक खिळा किंवा पाते ठोकतो. म्हणजे त्या अंगावरचा प्रत्येक खिळा हा कोणाचा तरी शब्द आहे. आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात, पायरीवर हात ठेवून शपथ घेतात; तिथल्या पायरीवरच्या हातांचे ठसे जर उमटून राहिले असते तर कसे दिसले असते, ते त्या आकृतीकडे पाहून समजते. महसूल खात्यातल्या माणसाला ती आणखीच ओळखीची वाटते. तो एक दस्तऐवज आहे, आणि त्याच्यावर शेकडो सह्या आहेत. तो छत्र्या ठेवण्याच्या पिंपाशेजारी उभा करावयाचा बेत होता.

येथवर आमचे व्याख्यान ठीक चालले होते. भाचीने वही मिटली.

"मामा, तुमच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेवर वारली चित्रं होती. ती कोणाला विचारून छापली होती?"

आम्ही गप्प झालो. डहाणू-तलासरीकडच्या वारली स्त्रिया लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहितात; 'काढतात' न म्हणता 'लिहितात' असेच म्हणतात. त्या चौकात पालघट देवी बसते आणि तिच्या साक्षीने लग्न लागते. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ती रेषा कागदावर आणली, ती जगभर गेली, आणि त्यानंतर ती चहाच्या पेल्यांवर, चादरींवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि आमच्या पत्रिकेवरही आली. आमच्या पत्रिकेवर ती मुद्रकाने टाकली होती. आम्हांस छान वाटली. त्यात देवी होती की नव्हती, हे आम्ही पाहिलेही नाही. तिथे कोणा वारली माणसाला बोलावणे गेले नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

तिने पुढे दक्षिण आफ्रिकेतील एन्डेबेले स्त्रियांचे उदाहरण दिले. १८८३ साली बोअरांकडून पराभव झाल्यावर हे लोक गोऱ्यांच्या शेतांवर मजूर म्हणून विखुरले गेले, आणि पुढे त्यांच्या बायकांनी घरांच्या भिंतींवर मोठमोठ्या ठळक रंगीत आकृत्या रंगवून आपण कोण आहोत ते सांगितले. त्यांतल्याच एस्थर माहलांगू यांनी १९९१ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीची मोटार त्या आकृत्यांनी रंगवून दिली. "तिने स्वतः रंगवली, मामा. नाव तिचं, मोबदला तिचा. मग माझ्या भिंतीवर तसंच काही आलं तर बिघडलं कुठे?" आम्ही म्हणालो, बिघडले इतकेच की तुझ्या भिंतीवर ती नाही. पण हे म्हणताना आमचा आवाज पूर्वीइतका ठाम राहिला नव्हता.

साखळ्यांबद्दल मात्र आम्ही हटून बसलो. कारण ती नदी. रायबंदरच्या काठावरून जी मांडवी दिसते तिच्यातूनच सोळाव्या-सतराव्या शतकांत समुद्रावरून आलेली पोर्तुगीज गलबते वर ओल्ड गोव्याला जात. मोझांबिक तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अंमलाखाली होते. १७५२ सालापर्यंत तिकडचा कारभार येथून चाले. त्या गलबतांतून हस्तिदंत येई, सोने येई आणि माणसे येत. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने आणि त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या फ्रेंच पिरार्द दे लाव्हाल याने ओल्ड गोव्याच्या भर रस्त्यावर होणाऱ्या गुलामांच्या विक्रीची वर्णने केली आहेत. त्या बाजारात बसलेल्यांत आफ्रिकेची माणसे होती. तेव्हा काचेतून ते पाणी दिसावे आणि काचेच्या अलीकडे शोभेसाठी साखळ्या टांगाव्यात, यात जी विसंगती आहे ती समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. भाचीने त्या ओळीवर तांबड्या पेन्सिलीने काट मारली. "हे मला सुचायला हवं होतं," ती म्हणाली. वस्तुतः आम्हांलाही ते त्याच दिवशी सुचले होते. त्या रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षे कचेरीच्या गाडीतून ये-जा केली आहे.

आफ्रिका आमच्या घरात नाही असे मुळीच नाही. ती ताटात आहे. हिरवी मिरची, कोथिंबीर, आले, लसूण, मिरी, दालचिनी आणि लिंबू यांचे वाटण लावून केलेली कोंबडी, जिला सगळा गोवा काफ्रियाल म्हणतो, ती मोझांबिकची देणगी मानली जाते. ते नाव 'काफ्र' या पोर्तुगीज शब्दावरून आले. मूळ अरबी शब्द काफिर. अरब व्यापाऱ्यांनी तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मुसलमान नसलेल्यांना लावला, पोर्तुगिजांनी तो त्यांच्याकडून घेतला. दक्षिण आफ्रिकेत आज तो उच्चारणे हा गुन्हा ठरू शकतो; २०१८ साली पोलिसांना उद्देशून तो वारंवार उच्चारल्याबद्दल एका बाईला तुरुंगवासाची शिक्षा झाली. आमच्याकडे तो पाकक्रियेच्या नावात सुखेनैव नांदतो. त्याचाच कोकणी भाऊ 'खापरी'. पोर्तुगिजांनी मोझांबिकचे सैनिक गोव्यात आणले होते, त्यांना लोक खापरी म्हणत, आणि आमची आई आम्हांला जेववताना म्हणत असे, लवकर गिळ, नाहीतर खापरी येईल. तो येऊन काय करील, हे तिने कधी सांगितले नाही. त्याला स्वतःला कोणी घरून उचलून इथे आणले असेल, त्याचीही आई कुठे असेल, हे सांगण्याची तर रीतच नव्हती.

आणि याच्या उलट टोकाला मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, अनेक हातांतून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला; १६१० साली त्याने वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. तिथे त्याने बांधलेली नहर पुढे शतकानुशतके पाणी देत राहिली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत आमच्या खात्यातील जुनी माणसे आदराने सांगत. शहाजीराजांनी ज्याच्या बाजूने भातवडीची लढाई लढली तो हा पुरुष. त्याच्या बाबतीत तो आफ्रिकी आहे हे आपल्या लक्षातही राहत नाही. म्हणजे मोठा झाला की तो आपला, आणि पडवीत उभा राहिला की खापरी, असा काहीसा हिशेब आहे.

पडवीचा उल्लेख सहज आला नाही. तो आता टाळता येणार नाही.

आमच्या दिवाणखान्यात एक मुखवटा आहे, किंवा होता म्हणू. आमचे धाकटे आजोबा लोरेन्सो मार्किसच्या बंदरात कारकून होते. ते शहर आज मापुतो या नावाने मोझांबिकची राजधानी आहे. सुटीवर येताना त्यांनी तो आणला. हलक्या लाकडाचा, आतून पोकळ, डोक्यावर खरे केस मेणाने चिकटवलेले. आमच्या जन्माआधीपासून तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. दिवाळीत त्याची धूळ झाडली जाई. त्याला नाव नव्हते.

२००९ सालच्या जूनमध्ये पणजीतील आमच्या घराची वरची खोली रिकामी झाली. किराणा दुकानात चिठ्ठी लावली होती. ती वाचून भर पावसात एक तरुण आला. गोवा विद्यापीठात शिकत होता, मोझांबिकचा होता, इंग्रजी सावकाश आणि नीट बोलत होता. छत्री बाहेर ठेवून तो आत आला, आणि त्याला पाहताक्षणी आम्ही म्हणालो, की खोली कालच दिली. खोली दिलेली नव्हती. ती पुढे ऑगस्टपर्यंत रिकामी राहिली, आणि मग एका बँकेतल्या गृहस्थांना दिली. मनाशी आम्ही कारणे जुळवली होती: शेजारी काय म्हणतील, स्वयंपाकाचे वास, रात्रीअपरात्री येणे. कचेरीत एखाद्या अर्जदाराला आम्ही अशी कारणे लिहून दिली असती तर ती अपिलात एक दिवस टिकली नसती. आम्ही त्याला बसा म्हणालो नाही. आमची भाची तेव्हा महाविद्यालयात होती आणि आमच्याकडे राहत होती. तिने पाणी आणून दिले, ते त्याने उभ्यानेच प्यायले, आणि पेला परत देताना त्याचे लक्ष भिंतीकडे गेले.

तो म्हणाला, हा आमच्या उत्तरेकडील माकोन्दे लोकांचा मापिको आहे. हा चेहऱ्यावर बांधत नाहीत. डोक्यावर शिरस्त्राणासारखा घालतात, मागे कलता, आणि नाचणारा माणूस मुखवट्याच्या तोंडाच्या फटीतून पाहतो. त्याने स्वतःची मान कलती करून ते दाखवले. मुले वयात येतात तेव्हाच्या विधीत तो निघतो. पूर्वी बायकामुलांनी त्याला पूर्वजाचा आत्माच समजावे आणि आत माणूस आहे हे त्यांना कळू नये असा नियम होता. तुम्ही तो टांगला आहे त्यामुळे तो आकाशाकडे पाहण्याऐवजी जमिनीकडे पाहतो आहे, असे काहीसे तो हसून म्हणाला, आभार मानले आणि छत्री उघडून निघून गेला. त्याचे नाव आम्ही विचारले नाही.

म्हणजे ज्या दहा मिनिटांत आम्ही त्याला घरात जागा नाकारली, त्याच दहा मिनिटांत त्याने आमच्या घरातील पन्नास वर्षांच्या वस्तूला तिचे नाव दिले. वही मिटून भाचीने त्या दिवशी याचीच आठवण करून दिली. तिने आरोप केला नाही. ती एवढेच म्हणाली, "मामा, माझ्या चित्रांत वीस मुखवटे आहेत म्हणून तुम्ही रागावता आहात. आपल्या घरी एकच होता."

या प्रसंगाला चार वर्षे झाल्यावर, ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी, पर्वरीला महामार्ग बंद झाला. आदल्या रात्री एका नायजेरियन माणसाचा खून झाला होता आणि त्याचे देशबांधव शव घेऊन रस्त्यावर बसले होते. पुढे जमावाने त्यांतल्या काहींना मारले. सचिवालयाकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही अडकून पडलो होतो. गाडीतील सहकारी काय बोलले ते येथे लिहीत नाही. आम्ही काही बोललो नाही, एवढे लिहितो. नंतरच्या दिवसांत जबाबदार पदांवरील माणसांनी एका सबंध राष्ट्राच्या लोकांना रोगाचे नाव दिले. आम्हांस ते असभ्य वाटले. आमच्या दाराशी आम्ही जे केले होते ते त्याच भाषेचे सभ्य रूप होते, हे तेव्हा जाणवले नाही.

मराठी माणसाला दुसरे काही जमतच नाही असे नाही. औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ साली स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. तिथे गोरे, हिंदी आणि आफ्रिकी यांच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, जेवणघरे वेगळी. अप्पासाहेबांच्या घराची दारे मात्र आफ्रिकी पुढाऱ्यांना उघडी होती, आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्याची सोय व्हावी म्हणून ते झटले. वसाहत सरकारला हे सलत राहिले; १९५४ साली त्यांना तेथून जावे लागले. ज्यांच्या वडिलांनी औंधला देशोदेशीच्या कलावस्तूंचे संग्रहालय उभे केले, त्यांनी आफ्रिकेत जाऊन आधी माणसे जमवली, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

त्यानंतर भाचीने चित्रे नव्याने काढावयास घेतली. तिचे म्हणणे असे, की विधीच्या आणि शपथेच्या वस्तू सोडल्या तरी रोजच्या वापरातल्या, पाहुण्यासाठीच केलेल्या वस्तू तिकडेही असतीलच, त्या घ्याव्यात. असे पाहू लागल्यावर तिची नजर सगळ्या खंडावरून निघून आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, लामू, मोंबासा, झांजिबार आणि मोझांबिक बेटाकडे वळली. ईशान्य वाऱ्यावर इकडची गलबते तिकडे जात आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर परत येत. तिथली जुनी घरे प्रवाळी दगडाची, चुन्याने सारवलेली. भिंतींत ओळीने कोनाडे, आमच्या घरांत असतात तसेच, पण अधिक नक्षीचे. छताला खारफुटीचे वासे. ते जेवढे लांब मिळत तेवढीच खोली रुंद, म्हणून तिथल्या खोल्या अरुंद आणि लांबट. खारफुटी तोडणे येथे बेकायदेशीर असल्याने तिने माडाचे वासे योजले आहेत. रिकामे गुदाम लांबट होतेच. गवताचे आच्छादन काढून टाकले. आमच्या पावसात त्याला दोन महिन्यांत बुरशी आली असती, हेही एक कारण. झेब्र्याचे पट्टे जाऊन कांगा आली. हे त्या किनाऱ्यावरच्या बायकांचे छापील वस्त्र, आणि त्याच्या काठाशी स्वाहिलीत एक वाक्य छापलेले असते. हिने रंग पाहून एक निवडले. या वेळी मात्र तिने विद्यापीठात शिकणाऱ्या एका टांझानियन मुलीला बोलावले, आणि त्या मुलीने सांगितले, की हे वाक्य म्हणजे भांडखोर शेजारणीला मारलेला टोमणा आहे, जेवणाऱ्यांसमोर ते बरे दिसणार नाही. त्या मुलीला सल्ल्याचे पैसे द्यावेत की नाही यावर मालकांशी आठवडाभर वाद झाला. शेवटी दिले. काफ्रियालचे नाव बदलावे अशी आमची सूचना होती; ती मालकांनी साफ फेटाळली, दुसऱ्या नावाने ती कोण मागवणार म्हणून. आमच्याकडेही त्याला उत्तर नव्हते.

मुख्य गोष्ट राहिली ती बाराझा. त्या किनाऱ्यावर घराच्या दाराशी, भिंतीला लागून दगडी बाक बांधतात, त्याला बाराझा म्हणतात. येणारा-जाणारा तिथे टेकतो, गप्पा होतात, व्यवहार ठरतात. सभेलाही तोच शब्द आहे. आमच्या बल्कांवातला सोपो नेमका हाच. दारातला दोन बाजूंचा चुनेगच्ची बाक, जिथे कोणीही बसावे, घरात न येताही पाहुणा व्हावे. सोपो हा शब्द आम्ही मात्र नोकरीभर दुसऱ्याच अर्थाने ऐकला: बाजारात बसून विकणाऱ्याकडून पालिका बसण्याबद्दल जो कर घेते तो. भाचीने काउंटरपुढची अशांती बाके रद्द करून नदीच्या बाजूस, दाराबाहेर, तीस फूट लांबीचा बाराझा मांडला. मालकांना चित्र आवडले, पण तो बाहेर का, आत का नाही, असे त्यांनी विचारले. बाहेर असला तर कोणीही येऊन बसेल आणि काही मागवणार नाही. ती म्हणाली, त्याचसाठी तो बाहेर असतो.

आमच्या घरचा मुखवटा आम्ही खिळ्यावरून काढला आहे. तो कपाटावर, त्या तरुणाने दाखवला होता तसा, मागे कलता ठेवला आहे. तिथे तो राहावा की माकोन्दे लोकांकडे परत जावा, आणि जावा तर कोणत्या हातांनी, हे आम्हांस अजून ठरवता आलेले नाही. वरच्या खोलीत सध्या आमचा मुलगा आपल्या कचेरीचे काम करतो, त्यामुळे तिच्या बाबतीत आमची परीक्षा होण्याचा प्रसंग तूर्त नाही, आणि त्याचे आम्हांस थोडे बरेच वाटते, हेही मान्य केले पाहिजे.

तीस फुटांपैकी अठरा फूट आत आणि बारा फूट बाहेर, अशी शेवटी तडजोड झाली. बाहेरचा बाक बांधून पुरा झाला आहे. उंची सोळा इंच, वर घोटीव चुना. परवा संध्याकाळी आम्ही पाहून आलो तेव्हा एक मासे विकणारी बाई पाटी शेजारी ठेवून त्यावर पाय लांब करून बसली होती. 'फक्त ग्राहकांसाठी' अशी फळी रंगाऱ्याकडून आली आहे, पण ती लावावी की नाही हे मालकांचे अजून ठरलेले नाही.